आवाज हा बिघाडच आहे

श्रवणचाचणीची खोली म्हणजे आतून जाड अस्तर लावलेली, एक माणूस जेमतेम बसेल एवढी पेटीच असते. आत बसणाऱ्याच्या कानांवर हेडफोन चढवतात, हातात एक बटण देतात आणि 'सूर ऐकू आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा' असे सांगून दार लावून घेतात. कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काम करताना चाचणीच्या दिवशी माणसांना पाळीपाळीने तिथे नेऊन बसवणे हा माझ्या कामाचा भाग होता, त्यामुळे काचेच्या अलीकडे उभे राहून मी ही चाचणी असंख्य वेळा पाहिली आहे. त्यांतली एक मात्र माझ्या मनातून जात नाही. प्रेस शॉपमधले, म्हणजे पत्र्यावर ठोके देऊन तुकडे काढणाऱ्या यंत्रांच्या विभागातले, एक जुने ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणत असू, आत बसले होते. सुरुवातीच्या जाड, घुमणाऱ्या सुरांना त्यांचा अंगठा लगेच हलत होता. मग सूर चढत गेले आणि अंगठा रेंगाळू लागला. तंत्रज्ञ बाई ४००० हर्ट्झवर आल्या, आवाज पाच-पाच डेसिबलने वाढवत गेल्या, पण अंगठा बटणावर तसाच राहिला. चेहऱ्यावर अगदी लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा भाव होता. थोड्या वेळाने अण्णांनी काचेतून आमच्याकडे पाहिले आणि हाताने खूण करून विचारले, मशीन बंद पडले का?

मशीन चालू होते.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "साहेब, मला आवाजाचा काही त्रास नाही. नवीन पोरं कानावर हात ठेवतात, माझे कान आता तयार झालेत." हे वाक्य मी त्याआधी आणि त्यानंतरही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याचे उत्तर नीट लिहून ठेवावे, एवढ्यासाठीच खरे तर आज लिहायला बसलो. हातोडा धरून हाताला घट्टे पडतात, कातडी राठ होते आणि मग दुखत नाही. कानाच्या आत असे घट्टे पडत नाहीत. तिथे त्रास कमी झाल्यासारखा वाटतो, कारण त्रास जाणवून देणारा भागच हळूहळू निकामी होत गेलेला असतो.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी घातलेली एक नळी असते आणि तिच्यात केसपेशींच्या रांगा असतात. प्रत्येक कानात आतल्या रांगेतल्या सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांतल्या सुमारे बारा हजार, म्हणजे दोन्ही मिळून साधारण पंधरा हजार. आतल्या पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात, तर बाहेरच्या पेशी क्षीण आवाज उचलून धरण्याचे, दोन जवळजवळचे सूर वेगळे करून देण्याचे काम करतात. सततच्या मोठ्या आवाजाने आधी या बाहेरच्या पेशी जातात, आणि गेलेल्या पेशी माणसात, किंबहुना कोणत्याच सस्तन प्राण्यात, पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा येतात. आपल्या वाट्याला ते सुख नाही. नुकसानीची सुरुवात बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात होते, आणि श्रवणाच्या आलेखात ४००० च्या आसपास एक खड्डा दिसू लागतो. बाहेरच्या कर्णनलिकेची लांबीच अशी असते, की ३००० हर्ट्झच्या जवळपासचे सूर तिच्यात शिरून आणखी वाढतात आणि त्यांचा मार किंचित वरच्या पट्टीतल्या पेशींना बसतो. अण्णांचा खड्डा दोन्ही कानांत जवळजवळ सारखाच होता. यंत्राशेजारी वर्षे काढलेल्या माणसाचा आलेख बहुतेक वेळा असाच दिसतो.

आता ४००० हर्ट्झ गेले तर रोजच्या जगण्यात नेमके काय जाते, हे समजून घ्यायला आपली भाषाच पुरेशी आहे. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि स्वर खालच्या पट्टीत राहतात. अर्थ मात्र पुष्कळसा व्यंजनांवर अवलंबून असतो, आणि त्यांतली स, श, फ, थ, च ही व्यंजने वरच्या पट्टीत राहणारी व हलकी असतात. 'साठ' या शब्दातला 'स' ऐकू आला नाही, की उरते ते 'आठ'. अण्णांना कोणी 'साठ नग काढा' म्हणाले, की ते 'आठ?' असे विचारत, आणि समोरचा माणूस तेच वाक्य चिडून, ओरडून पुन्हा सांगे. ओरडल्याने स्वर मोठे होतात, 'स' मात्र तिथेच राहतो. घरी नातवंडांचे बोलणे कळत नाही, पण पुरुषांचे जाड आवाज कळतात. एकट्या माणसाशी बोलता येते, पण चार जण एकदम बोलू लागले की सगळ्याचा गलका होतो. 'ऐकू येतं, पण समजत नाही' ही तक्रार ज्याच्या तोंडी आली, त्याचे वयाकडे बोट दाखवून समाधान करू नये. त्याला आधी विचारावे, की तुम्ही कामाला कुठे होता.

पहिल्या काही महिन्यांत कान खुणा देतो, पण आपण त्या ओळखत नाही. पाळी संपवून बाहेर पडल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटणे, रात्री शांततेत कानात बारीक शिट्टी वाजत राहणे, संध्याकाळी बरोबर वाटलेला टीव्हीचा आवाज सकाळी मोठा वाटणे, या सगळ्याचा अर्थ एकच, की कान तात्पुरता बधिर झाला होता. रात्रभराच्या विश्रांतीने तो सावरतो आणि माणूस निर्धास्त होतो. पूर्वी तज्ज्ञही असेच समजत, की ऐकणे मूळपदावर आले म्हणजे झाले. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ण परतलेली दिसत असतानाही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधले कितीतरी जोड कायमचे तुटलेले होते. हे वाचल्यापासून 'दडे बसले होते, आता मोकळे झाले' असे कोणी सांगितले, की मला हायसे वाटत नाही.

कार्यालयात बसणाऱ्यांना हा विषय पटवून देताना सगळ्यात मोठी अडचण डेसिबलच्या हिशोबाची येते. मीटरवर ८८ आले आणि मर्यादा ८५ असेल, तर 'तीनच तर जास्त आहेत' असे उत्तर मिळते. तापमानाच्या किंवा वजनाच्या हिशोबाने पाहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण हे माप सरळ बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले म्हणजे कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट झाली, आणि दहा वाढले म्हणजे दहापट झाली. अमेरिकेतील नायॉश या संशोधन संस्थेची शिफारस याच हिशोबावर उभी आहे: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ८८ मध्ये चार तास, ९१ मध्ये दोन, ९४ मध्ये एक, आणि १०० डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटे. म्हणजे १०० डेसिबलच्या ग्राइंडरवर बसलेल्या माणसाच्या कानांची दिवसभराची शिदोरी पाळी सुरू झाल्यावर पाव तासातच संपते. पुढचे सगळे तास तो उधारीवर ऐकत असतो. मीटर जवळ नसेल तेव्हा मी एक साधी कसोटी वापरतो: हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे ८५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त आवाज आहे, असे धरून चालावे.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत कायद्याची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल अशी आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार ८० डेसिबलपासूनच मालकाने माहिती आणि साधने द्यायची असतात, ८५ पासून साधने वापरली जातील याची जबाबदारीही त्याच्यावर येते, आणि साधन घातल्यानंतर कानापर्यंत ८७ हून जास्त पोहोचता कामा नये. मात्र आकडा कायद्याने ठरवला, म्हणजे त्याखाली कान सुरक्षित झाले असे नाही. नायॉशचाच १९९८ चा अंदाज असा, की चाळीस वर्षे नोकरी ८५ डेसिबलमध्ये केली तर निव्वळ त्या आवाजामुळे शंभरातल्या साधारण आठ जणांची श्रवणशक्ती लक्षणीय घटते, आणि ९० मध्ये केली तर पंचवीस जणांची. मर्यादेवर बोट ठेवून 'आपण नियमात आहोत' असे जो म्हणतो, त्याने त्या आठ किंवा पंचवीस जणांची नावे डोळ्यांसमोर आणावीत, एवढीच माझी विनंती असते.

हे ज्ञान नवे असते, तरी एक वेळ समजले असते. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्नार्दिनो रामात्झिनी या इटालियन वैद्याने व्हेनिसमधल्या तांबटांबद्दल लिहून ठेवले, की दिवसभर तांब्यावर हातोडे मारून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते पुरते बहिरे होतात. १८८६ मध्ये ग्लासगोच्या डॉ. टॉमस बार यांनी त्याहून पुढे जाऊन मोजणी केली. शंभर बॉयलर बनवणारे, शंभर लोखंडाचे ओतारी आणि शंभर टपालवाटे त्यांनी निवडले आणि खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते तपासले. बॉयलरवाल्या शंभर जणांत एकाचेही ऐकणे पूर्णपणे शाबूत निघाले नाही, आणि सभेतले भाषण ऐकताना त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांना अडचण येत होती. त्या काळी बॉयलरचे पत्रे जोडणारे रिव्हेट मारताना एक माणूस आत उभा राहून रिव्हेट धरत असे आणि बाहेरून हातोडे पडत. घंटेच्या आत उभे राहून ती बडवून घेण्यासारखेच ते. घड्याळाच्या टिकटिकीने जे कळले, ते कळून आता सव्वाशेहून जास्त वर्षे झाली आहेत.

मग अडते कुठे? माझ्या अनुभवात अडते ते या समजुतीपाशी, की यंत्र म्हटले की आवाज आलाच. यंत्रातून तेल गळाले तर आपण लगेच बादली ठेवतो, मेंटेनन्सला कळवतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो, कारण तेल गळणे हा बिघाड आहे. आवाज गळतो तेव्हा मात्र आपण माणसाच्या कानात बोळा घालतो. हे उफराटे आहे. फार मोठा आवाज म्हणजे कुठेतरी काहीतरी आपटते आहे, घासते आहे, सैल झाले आहे, किंवा हवा नको त्या वेगाने बाहेर पडते आहे. ती जागा शोधून दुरुस्त करता येते.

अण्णांच्याच प्रेसची गोष्ट सांगतो. आम्ही सगळे समजत होतो, की आवाज प्रेसच्या ठोक्याचा आहे आणि त्याला इलाज नाही. एके दिवशी मीटर घेऊन मी प्रेसभोवती फिरलो, तेव्हा मागच्या बाजूला आकडा पुढच्यापेक्षा जास्त आला. तिथे तयार झालेले तुकडे घसरणीवरून येऊन हातभर उंचीवरून पत्र्याच्या रिकाम्या पेटीत पडत होते. पेटी भरत आली की आवाज कमी व्हायचा आणि रिकामी लावली की पुन्हा खणखणाट सुरू व्हायचा; अण्णांना हे ठाऊक होते, पण त्यांना कधी कोणी विचारलेच नव्हते. आम्ही पेटी विटांवर ठेवून वर उचलली, तिच्या तळाशी आणि घसरणीवर जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे बसवले आणि यंत्राच्या थरथरणाऱ्या गार्डचे, म्हणजे संरक्षक आवरणाचे, बोल्ट आवळले. अर्ध्या दिवसाचे काम होते. ऑपरेटर उभा राहतो त्या जागी ९७ दाखवणारा मीटर ९१ वर आला. सहाच डेसिबल, पण वरच्या हिशोबाने पाहिले तर अर्ध्या तासाची मुभा दोन तासांची झाली. उरलेल्या तासांसाठी कान झाकणारे इयरमफ लागणार होतेच, पण आता त्यांच्यावरचे ओझे पुष्कळ उतरले होते.

अशा जागा जवळपास प्रत्येक शॉपमध्ये सापडतात. तुकडे झटकायला लावलेली, तोंड चेपलेली तांब्याची नळी हे तर सर्रास दिसणारे उदाहरण. हवेचा झोत जितका वेगवान, तितका त्याचा आवाज फार झपाट्याने वाढतो. तिथे बारीक छिद्रांचे नोझल बसवले आणि दाब गरजेपुरता ठेवला, तर काम तेच होते, शिट्टी थांबते आणि हवेचीही बचत होते. हवेवर चालणाऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टवर मुळात सायलेन्सर असतो, तो तेलाने आणि कचऱ्याने चोंदतो, सिलिंडर मंद चालू लागतो, आणि मग घाईच्या वेळी कोणीतरी तो काढून ठेवतो. तो साफ करून परत बसवण्याची पाळी ठरलेली नसल्यामुळे तो कायमचाच निघतो. पंख्याचा वेग निम्म्यावर आणता आला तर आवाज पंधरा डेसिबलच्या आसपास उतरतो, म्हणून लहान पंखा वेगाने पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणे चांगले. यंत्राला पेटी करून झाकायचे असेल, तर फटींकडे लक्ष द्यावे लागते. पेटीच्या एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी जागा उघडी राहिली, तरी भिंती कितीही जाड असोत, वीस डेसिबलहून जास्त फायदा मिळत नाही. कितीतरी महागड्या पेट्या वायर आत नेण्यासाठी ठेवलेल्या एका भोकाने निष्फळ झालेल्या मी पाहिल्या आहेत. आणि सगळ्यात स्वस्त वेळ असते ती खरेदीची: नवे यंत्र मागवताना त्याच्या आवाजाचा आकडा लेखी मागितला, तर पुढची वीस वर्षे कोणाच्या कानात काही घालण्याचा आग्रह करावा लागत नाही.

इयरप्लग नकोत असे मी म्हणत नाही. ते लागतातच, आणि म्हणूनच ते नीट लागले पाहिजेत. आवाज किती कमी होईल याचा खोक्यावर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. शॉपमध्ये मिळणारे संरक्षण त्याहून बरेच कमी असते. फोमच्या प्लगसाठी तर छापील आकडा निम्मा धरावा, असे नायॉशने सुचवले होते. कारण बहुतेक जण तो प्लग कानाच्या तोंडाशी नुसता टेकवून ठेवतात. तो बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढायचा म्हणजे नळी सरळ होते, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. मग दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून पाहायचे. दाबल्याने बाहेरचा आवाज स्पष्टपणे कमी झाला, तर प्लग बसलेला नाही. हे एकेका माणसाला समोर बसवून शिकवायला पाच मिनिटे लागतात, आणि हात काळे असतील तर आधी धुवायला पाणी लागते. दाराशी प्लगचे खोके टांगून सही घेण्याने हे काम होत नाही.

दुसरा हिशोब साधन मधेच काढून ठेवण्याचा. तीस डेसिबल कमी करणारे साधन आठ तासांपैकी फक्त अर्धा तास काढून ठेवले, तर दिवसाचे संरक्षण बारा डेसिबलवर येते. निम्मा वेळ काढले, तर अवघे तीन उरतात. हे ऐकून पर्यवेक्षक ताबडतोब शिस्तीची भाषा बोलू लागतात, पण मला त्या आधी विचारावेसे वाटते, की माणूस ते का काढतो. चांगला ऑपरेटर यंत्र कानाने चालवतो. डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, बोथट झाली, बेअरिंग सुकले, हे त्याला आवाजावरून कळते. क्रेनचा भोंगा, मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टची सूचना, सहकाऱ्याची हाक ऐकू न येणे हा त्याच्या जिवाला धोका असतो. ज्याला ९१ डेसिबलच्या जागी पस्तीस डेसिबल कापणारा मफ दिला, तो जगापासून तुटल्यासारखा होतो आणि मफ काढणारच. गरजेपुरते कापणारे साधन निवडले, दोन-तीन आकारांतून आणि प्रकारांतून निवड करू दिली, भोंग्यासोबत फिरता दिवा लावला, तर ओरडावे लागत नाही. आणि आधी आवाजच उतरवलेला असेल, तर हे सगळे सोपे होते.

एक गोष्ट थोडक्यात, पण महत्त्वाची. टोल्युइन, झायलीन, स्टायरीन यांसारखे द्रावक, कार्बन मोनॉक्साइड आणि शिसे हे कानालाही बाधतात, आणि मोठा आवाज सोबतीला असेल तर नुकसान अधिक होते. रंगाच्या विभागात आवाज 'मर्यादेत' असला, तरी तिथल्या माणसांची चाचणी टाळू नये.

चाचणीचे स्थानही नीट समजून घ्यायला हवे. नोकरीच्या सुरुवातीला, निदान चौदा तास आवाजापासून दूर राहिल्यावर केलेली पहिली चाचणी ही पायारेषा असते, आणि पुढे दरवर्षीचा आलेख तिच्याशी ताडून पाहायचा असतो. अमेरिकेच्या नियमात २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी पायारेषेपेक्षा दहा डेसिबलने घसरली, की कारवाई करावी लागते. पण घसरण आलेखात दिसली याचा अर्थ पेशी आधीच गेल्या. आमच्याकडे अण्णांचे जुने आलेख फाइलमध्ये ओळीने लावलेले होते, प्रत्येकावर सही होती, आणि खड्डा दर वर्षी थोडा खोल होत गेलेला स्पष्ट दिसत होता. ती फाइल मीही हाताळली होती. त्या कागदांवरून दुसऱ्याच वर्षी कोणीतरी उठून प्रेसमागे जायला हवे होते, आणि 'कोणीतरी' यात मी येतो.

अण्णांना श्रवणयंत्र मिळाले. त्याने आवाज मोठा होतो, पण गेलेल्या पेशींचे वेगळे करून देण्याचे काम ते करू शकत नाही. शांत खोलीत ते त्यांना उपयोगी पडते आणि माणसांच्या गर्दीत ते काढून खिशात ठेवतात.

त्यानंतर आम्ही मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये तेल, हवा, वीज यांच्या शेजारी 'आवाज' असा एक रकाना वाढवला आणि ऑपरेटरांना सांगितले, की कालच्यापेक्षा वेगळे किंवा जास्त काही ऐकू आले, तर ते गळतीइतक्याच तातडीने लिहा. पहिले काही दिवस रकाना कोराच राहिला. मग एका सकाळी अण्णांच्या जागी आलेल्या मुलाच्या अक्षरात नोंद दिसली: 'प्रेस नं. ३, मागच्या बाजूला खडखड, कालपासून.' पेटीतला बेल्टचा एक तुकडा निघून आला होता. फिटरने तो दुपारच्या आत पुन्हा बसवला आणि शेजारच्या रकान्यात सही केली.